कोपऱ्यावरचा कोहळा

देव घरात आहे याबद्दल मला कधी शंका आली नाही. देव्हाऱ्यासमोर बसलं की मन निवतं, हे लहानपणापासून अनुभवलं आहे. शंका होती ती रस्त्याबद्दल. फाटक ओढून घेऊन सायकलवर टांग टाकली, की पुढची चाळीस मिनिटं देवाचा आणि माझा काही संबंध राहत नाही, तिथे ज्याचं चाक मोठं तोच मालक, असं माझं पक्कं मत होतं. ते मत कसं मोडलं हे सांगायला बसलो आहे. सांगताना माझी एक चूकही सांगावी लागेल. खरं तर दोन चुका आहेत, आणि दुसरी पहिलीपेक्षा वाईट आहे.

आमचं घराणं तंजावरचं. घरात बोलतो ती जुनी मराठी, आणि तिच्यात तमिळ इतकी मिसळलेली की पुण्याचा पाहुणा आला तर पहिले दोन दिवस नुसता हसत बसतो. लिहिण्यापुरती मराठी मी आजोबांच्या पोथ्यांवरून शिकलो, तेव्हा चुकलंमाकलं पोटात घालावं. राहायला मात्र इकडच्या राजधानीत, वेस्ट मांबलमला, दुसऱ्या मजल्यावर. नोकरी नुंगंबाक्कमला, एका कॉलेजच्या ग्रंथालयात. गेली सव्वीस वर्षं मी ही वाट सायकलने जातो. सायकल हिरवी, उंच, जुन्या घाटाची. तिच्यावर बसून मी नामजप करतो. उजवा पाय खाली गेला की एक राम. चढावर राम सावकाश येतो, उतारावर पाय थांबतात म्हणून रामही थांबतो. घरी माळ घेऊन बसलो तर मला झोप येते, सायकलवर येत नाही, म्हणून ही सोय.

आता खरं सांगायचं तर हा जप काही सोवळा नव्हता. मध्ये रिक्षावाला आडवा आला, की रामाच्या पाठोपाठ त्याच्या कुळाचा उद्धार होई. बस अंगावर आली, की ड्रायव्हरचे डोळे, चष्मा आणि अक्कल यांची चौकशी होई. हे सगळं तोंडातल्या तोंडात. पण देवाला काय, मोठ्याने आणि हळू सारखंच.

या सगळ्यांत माझा विशेष राग होता तो एका पाण्याच्या टँकरवर. इकडे त्याला तण्णी लॉरी म्हणतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोठा रस्ता लागतो, आणि तिथून थोडं मागे, मोठ्या रस्त्यालाच लागून, पिल्लैयारचं म्हणजे गणपतीचं लहानसं देऊळ आहे. मी रोज सातला गल्लीतून निघून डावीकडे वळायचो, आणि त्याच वेळी हा टँकर मोठ्या रस्त्याने मागून यायचा. देवळापाशी आला की तो हॉर्न द्यायचा. साधा नाही, लांबलचक, माझं वळण पूर्ण होईपर्यंत. जप तुटायचा. मी मागे बघत नसे. मागच्याने पुढच्याला सांभाळायचं असतं, हा माझा नियम. नियम माझा, रस्ता सरकारचा, आणि मान ताठ, ती वळवायचा मला कंटाळा. त्या ड्रायव्हरचं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं, पण त्याला दिलेल्या शिव्या जमा केल्या असत्या तर एक पोथी झाली असती.

दोन वर्षांपूर्वी आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढाच्या सुमाराला, कोडंबाक्कमच्या पुलावर एका मोटारीचा आरसा माझ्या कोपराला लागला आणि मी पडलो. मोटार निघून गेली. सहा टाके पडले. टाके सुकले, पण मनात भीती बसली ती बसलीच. आधी माझा राग मला पुढे नेत असे, आता मागे गाडीचा आवाज आला तरी हात कापायचे. जपात राम कमी आणि 'आज नको, आज नको' जास्त, अशी अवस्था झाली. माझा मुलगा इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात आहे. तिथे गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनतात, ते तपासायचं काम त्याच्याकडे. तो म्हणाला, "अप्पा, ब्रेक मारला की गाडी जागेवर थांबते असं तुम्हाला वाटतं. थांबत नाही. मी रोज तेच बघतो. आता सायकल पुरे." बायकोनेही त्याची बाजू घेतली. मी कबूल झालो नाही. पण आतून मलाही वाटायला लागलं होतं की आपले दिवस भरले. सायकल सोडायची म्हणजे म्हातारं व्हायचं, आणि ते माझ्याने होत नव्हतं.

शेवटी मी एक तोड काढली. खंडेनवमी जवळ आली होती. इकडे तिला आयुधपूजा म्हणतात. त्या दिवशी जो तो आपली हत्यारं, यंत्रं, गाड्या धुऊन पुजतो, आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना कामाला लावत नाही. मी घरच्यांना म्हटलं, या वेळी सायकलची दृष्ट नीट काढतो. त्यानंतर जर कुणाच्या अंगावर ओरखडा उमटला, तर सायकल त्याच दिवशी देऊन टाकतो. मी 'कुणाच्या' म्हणालो खरा, पण मनात माझंच अंग होतं.

खंडेनवमीला कोहळा कापायची रीत आमच्या घराण्यातही आहे. पण ती वेगळी. आजोबा अंगणात पाटावर कोहळा ठेवून कापायचे, कुंकू लावायचे, आणि फोडी परसात केळीच्या बुंध्याशी पुरायचे. फ्लॅटमध्ये अंगण नाही, परस नाही, म्हणून आमच्याकडे ती रीत मागे पडली. आता मी केलं ते इथल्या रस्त्यारस्त्यावर करतात तसं. कोहळ्याला वरून भोक पाडून आत कुंकू भरायचं, वर कापूर पेटवायचा, गाडीवरून तीनदा ओवाळायचा आणि रस्त्यावर आपटून फोडायचा. सगळी पीडा त्या फोडींबरोबर गेली.

संध्याकाळी सायकलला चंदन लावलं, शेवंतीचा हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली. कोहळा घेऊन निघालो तेव्हा ही दारात आली.

"एक पिशवी घेऊन जावा," ती म्हणाली. "फोडून झालें की अस्कं उचलून आणा. कसाला वाटेंत टाकून येतां?" (अस्कं म्हणजे सगळं.)

मी म्हटलं, "दृष्टीचें परत हातांत घेऊं नये. घेतलें तर तें आपल्याच अंगास लागतें."

"मग दुसऱ्यास लागलें तर?"

मी न ऐकल्यासारखं करून जिना उतरलो. गल्लीच्या तोंडाशी, जिथे मी रोज वळतो नेमक्या त्याच जागी, पूर्ण जोर लावून कोहळा आपटला. पांढऱ्या गराच्या फोडी लांबपर्यंत उडाल्या. फोडल्यावर मागे वळून बघायचं नाही असं म्हणतात. मागे न बघण्याचा सराव मला होताच. मी सरळ घरी आलो, पाय धुतले, आणि कित्येक आठवड्यांनी शांत झोपलो.

दसऱ्याच्या सकाळी कॉलेजला सुट्टी. पण पुजलेलं हत्यार त्या दिवशी थोडं तरी वापरायचं असतं, म्हणून सातच्या सुमाराला वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, नेसून, गंध लावून, हारासकट सायकल घेऊन मी खाली उतरलो. नेहमीची पँट नाही, टोपी नाही, मी नवरदेवासारखा दिसत असणार. पहाटे पावसाचा शिडकावा होऊन गेला होता. गल्लीतून निघालो, पाच-सहा राम झाले असतील, आणि मोठ्या रस्त्यावर देवळाकडून तो ओळखीचा हॉर्न आला. सणाच्या दिवशीही याला चैन नाही, असं माझ्या मनात आलं. शिवी अर्धी झाली होती. तेवढ्यात कोपऱ्यावर एक सायकल दिसली. सायकलवर चाळिशीची एक बाई, मागे प्लास्टिकच्या टोपल्यात दुधाच्या पिशव्या. टँकरच्या पुढून, रस्त्याच्या कडेने येऊन ती आमच्या गल्लीत वळत होती. तिचं पुढचं चाक माझ्या कोहळ्यावर गेलं.

चाक असं सरकलं की तिला ओरडायलाही वेळ मिळाला नाही. सायकल एकीकडे गेली, ती दुसरीकडे, टँकरच्या वाटेत. टोपलं उलटलं, काही पिशव्या फुटल्या. मी पाच-सात पावलांवर होतो आणि मला काही करता आलं नाही. रामही सुचला नाही. सव्वीस वर्षं ज्याचं नाव घेत होतो त्याचं नाव ऐन वेळी माझ्या तोंडात नव्हतं. डोळे मिटले तेवढं आठवतं. मला वाटलं, मी हिला मारलं.

डोळे उघडले तेव्हा टँकर थांबलेला होता. त्याचा बंपर आणि ती बाई यांच्यात हातभर अंतर होतं. बाई उठून बसली होती आणि आपल्या पसरलेल्या पिशव्यांकडे रागाने बघत होती. गुडघा फुटला होता, कोपर खरचटलं होतं, बाकी हातपाय जागच्या जागी. मी कसाबसा उतरलो. सायकल तशीच धरून मी तिच्या खोगिरावर कपाळ टेकलं. इतकं सुटल्यासारखं मला माझ्या मुलाच्या जन्माच्या वेळी वाटलं होतं, त्यानंतर कधी नाही.

ड्रायव्हर उडी मारून खाली आला. पन्नाशीचा, बारीक, कपाळावर विभूती. त्याने बाईला हात देऊन कडेला बसवलं. चारदोन माणसं जमली. एक जण फोडींकडे बोट दाखवून म्हणाला, "रस्त्यात पूसणिक्काय फोडून जातात. अक्कल नाही लोकांना." पूसणिक्काय म्हणजे कोहळा. आणि मी, गंध लावलेला, हार घातलेली सायकल धरून उभा असलेला मी, मान हलवून म्हणालो, "खरंच, अक्कल नाही."

ही माझी दुसरी चूक. पहिली अज्ञानाने झाली असं म्हणता येईल, हिला तीही पळवाट नाही. शब्द तोंडातून गेले आणि मला माझीच शिसारी आली.

लोक ड्रायव्हरला शाबासकी देत होते. तो मान हलवत म्हणाला (तमिळमध्ये बोलला, मी मराठीत सांगतो), "यात माझं काही नाही. या कोपऱ्यावर मी नेहमीच पहिल्या गिअरमध्ये येतो. इथे सातला एक पेरियवर, वयस्कर गृहस्थ, निघतात, हिरव्या सायकलवर. टोपी घालतात. तोंडाने काहीतरी पुटपुटत असतात, आणि मागे न बघता वळतात. अगदी पहिल्याच दिवशी माझ्या चाकाखाली येता येता वाचले. तेव्हापासून मी देवळापाशीच हॉर्न देतो, गाडी अगदी हळू करतो, आणि ते वळून कडेला लागेपर्यंत हॉर्न सोडत नाही. आज सुट्टी, आज ते यायचे नाहीत हे ठाऊक होतं. पण पायाला सवय झाली आहे, तो आपणच ब्रेकवर गेला."

एवढं बोलून त्याची नजर माझ्या सायकलकडे गेली. मग माझ्याकडे. "अय्या," तो म्हणाला, "तुम्हीच का ते?"

मी मानेने हो म्हटलं. ज्याला मी रोज सकाळी शिव्या घातल्या, तो रोज सकाळी मला वाचवत होता. मी माझ्या नियमाच्या तोऱ्यात डावीकडे वळायचो, आणि मागे हा पाय दाबून बसलेला असायचा. देव रस्त्यावर नाही असं मी म्हणत होतो. तो माझ्या पाठीमागे होता, आणि पाठीमागे बघायचं मला वर्ज्य होतं. यापेक्षा जास्त मला त्याबद्दल काही सांगता येत नाही, आणि कुणाला पटवायचंही नाही.

मी त्या बाईसमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "अम्मा, तो कोहळा माझा. काल संध्याकाळी मीच फोडला. आत्ता अक्कल नाही म्हणालो तेही खोटेपणाने."

मला वाटलं आता ती शिव्या देईल, आणि देवो असंच वाटत होतं. वळ्ळी तिचं नाव. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "मग उभे काय राहिलात, सार? उचला. माझी बहीण पण पिशव्या घेऊन याच वाटेने येते आहे."

मी वेष्टी खोचली, वाकलो आणि फोडी हाताने उचलू लागलो. कुंकवाने हात लाल झाले. दृष्टीचं परत हातात घ्यायचं नाही, हे मला आठवलंसुद्धा नाही. ड्रायव्हरने (त्याचं नाव सेल्वम) टँकरचा पाइप सोडला आणि गर, बिया, सांडलेलं दूध, सगळं धुऊन काढलं. एरवी पाण्याचा एक थेंब वाया गेला तरी भांडणारं आमचं गाव, पण त्या दिवशी कुणी काही बोललं नाही.

वळ्ळीला आधार देऊन घरी नेलं. हिने जखम धुतली, हळद भरली, कॉफी दिली. काय झालं ते मी सांगितलं. 'मी सांगितलं होतं ना' असं म्हणायचा पूर्ण हक्क असूनही ही ते म्हणाली नाही. पुढे कधीही म्हणाली नाही, आणि याला मी त्या दिवसाचा दुसरा चमत्कार मानतो. वळ्ळीचा गुडघा सुजू लागला होता, आणि टोपल्यात न फुटलेल्या पिशव्या होत्या, घरोघरी लोक दुधाची वाट बघत होते. मी ते टोपलं माझ्या सायकलवर बांधलं. कुठल्या दारात किती, हे तिने मला तोंडी पढवलं. हार घातलेल्या सायकलवरून, वेष्टी नेसून, मी दसऱ्याचं दूध वाटलं. एका आजीने दारातून विचारलं, "वळ्ळी कुठे?" मी म्हटलं, "बरी आहे. देवाने राखली." हे शब्द मी आयुष्यात कितीदा तरी बोललो असेन, पण अर्थ कळून बोललो ते त्या दिवशी पहिल्यांदा. असं तीन दिवस केलं. चौथ्या दिवशी ती स्वतःच आली आणि माझ्यामुळे दोन घरी पिशव्या उलटसुलट गेल्याचं सांगून गेली.

दसऱ्याला संध्याकाळी मुलगा घरी आला तेव्हा मी सायकलची किल्ली त्याच्यासमोर ठेवली. "ओरखडा उमटला," मी म्हटलं. "माझ्या अंगावर नाही, पण बोललो होतो तसं." त्याने सगळं ऐकून घेतलं. लॉरी भरलेली होती का, हे त्याने दोनदा विचारलं. भरलेली होती. "अप्पा," तो म्हणाला, "भरलेली लॉरी तशी थांबत नाही. ती आधीच हळू होती म्हणून थांबली. तुम्ही रोज तिथून जाता म्हणून हळू होती." त्याने किल्ली माझ्या हातात परत ठेवली. "सायकल असू द्या. फक्त वळताना मागे बघा."

तेव्हापासून मी मागे बघतो. मान कुरकुरते, पण वळते. रोज सातला देवळापाशी हॉर्न होतो. मी वळून हात वर करतो, सेल्वम स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलतो, मग मी वळतो. भीती कुठे गेली ते मला कळलं नाही. गाड्या तेवढ्याच आहेत, आरसेही तेवढेच लांब. पण माझा जीव माझ्या एकट्याच्या सावधपणावर टांगलेला नाही, तो कधीच नव्हता, हे समजल्यावर हात कापायचे थांबले. ज्यांची तोंडं मी पाहिलेली नाहीत अशी किती माणसं रोज माझ्यासाठी पाय दाबून धरत असतील, कोण जाणे. त्यांचं ऋण कसं मानायचं? हॉर्न झाला की आता जप तुटत नाही. त्या हॉर्नलाच मी एक राम धरतो.

यंदाच्या खंडेनवमीला आजोबांसारखा पाटावर कोहळा कापला, स्वयंपाकघरातच, आणि फोडी गच्चीवरच्या केळीच्या कुंडीत पुरल्या. या वेळी देवाकडे सायकलसाठी वेगळं काही मागितलं नाही. रस्त्यावर जो कोणी असेल तो घरी पोचू दे, एवढंच म्हटलं. मग झाडू, बादली आणि पिशवी घेऊन खाली उतरलो. कोपऱ्यावर लोकांनी फोडलेले तीन कोहळे होते, कुंकवाने भरलेले, कापराची काजळी धरलेले. तिन्ही गोळा केले, जागा धुतली आणि पिशवी कचऱ्याच्या डब्यात टाकून वर आलो.

ही दारातच उभी होती. माझ्या लाल हातांकडे बघून म्हणाली, "दुसऱ्यांची दृष्ट अशी हातांत घेतली तर काय होतें?"

मी म्हटलं, "हात धुवावे लागतात."